सुनावणीला लावलेल्या घागरी

माझं नाव पंचफुला. मी तोंडाची फटकळ हाय, गावात कुणालाबी विचारा. गावाचं नाव मात्र सांगणार न्हाई, कारण अमृतराव अजून धडधाकट हायेत आन रोज रस्त्यात भेटतात.

लातूर जिल्हा नवा नवा झाला, तवाची गोष्ट. पेढे वाटले, बँड वाजला, आन पावसानं जी पाठ फिरवली ती फिरवलीच. नळाची तोटी सोडली की नुसती हवा यायची. आमच्या सासू, सरजाबाई, तोटीखाली हात धरून म्हणायच्या, "हवा तर हवा, आता आपल्या सोताच्या जिल्ह्याची हाय."

तशात नगरपालिकेला एक बोअर मंजूर झाला, हापशासकट. एकच. पाणी शोधणारे साहेब आले, त्यांनी दोन जागा दाखवल्या. एक आमच्या गल्लीच्या तोंडाला, लिंबाच्या झाडाखाली. दुसरी अमृतरावांच्या फाटकाच्या आत. दोन्हीकडं पाणी लागंल म्हणले आन गेले निघून. आता बोअर कुठं घ्यायचा ते लोकांनी सांगायचं होतं.

अमृतराव म्हणजे मागच्या खेपेचे नगरसेवक. सगळ्यांना सांगत सुटले, "माझ्या फाटकात हापसा सुरक्षित राहील. कुलूप राहील, शिस्त राहील." कुलूप म्हणल्यावर मला जुनं फाटक आठवलं. बहात्तरच्या दुष्काळात मी लग्नाआधीची पोर होते. असल्याच एका फाटकाबाहेर आमच्या वस्तीच्या बाया तासन्‌तास उभ्या राहायच्या. आतून कुणाच्या मनात आलं तर आमच्या घागरीत वरून पाणी ओतायचे, घागरीला घागर लागू न देता. निम्मं मातीत जायचं. तरी माझी माय वर बघून "लई उपकार झाले" म्हणायची. ते शब्द अजून कानात हायेत. माझ्या पोरीनं, पंचशीलानं, ते कुणाला म्हणायचं न्हाई, एवढंच मी ठरवलं होतं. पाणी लांबून आणू, खारं आणू, पर फाटकातलं नको.

नगरपालिकेचा शिपाई गुरुलिंग हलगी वाजवत आला. "ऐका हो ऐका! शुक्रवारी अकराला नगरपालिकेत सुनावणी. बोअर कुठं घ्यायचा ते नागरिकांनी सांगायचं. जो हजर त्याचंच मत धरलं जाईल हो!"

"हजर म्हंजी?" मी सासूबाईला विचारलं.

"हजर म्हंजी हजर. नंबर लावायचा. घागर लावली की झालं."

आता तुम्ही हसाल. पर आमच्याकडं दुष्काळात तोच कायदा होता. रांगेत घागर लावली म्हंजी माणूस लागलं. मग बाईनं घरी जावं, भाकरी थापाव्यात, पोरीची वेणी घालावी. तिच्या घागरीला कुणी हात लावणार न्हाई. एक वेळ माणूस माणसाला ढकलंल, पर लावलेली घागर कुणी सरकवली तर सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

म्हणून शुक्रवारी दिवस उगवायला आम्ही झाडून साऱ्या नगरपालिकेत. गुरुलिंगानं दार रातीपासून उघडंच ठेवलं होतं, आम्ही सभागृहाच्या एकेका खुर्चीवर एकेक घागर ठेवून दिली. पहिल्या खुर्चीवर मातर आधीच एक पितळी घागर होती, घासून लख्ख केलेली. कुणाची ते ठाऊक न्हाई, पर नंबर तो नंबर. तिच्या शेजारी मी माझी पोचे पडलेली घागर ठेवली आन घरी येऊन तवा टाकला.

पहिली भाकर फुगली तोच गल्लीत बोंब उठली, "टँकर यायलाय! नाक्यावर! अकरा वाजता!"

टँकर यायचा संध्याकाळी. आजच बरा अकराला! अमृतरावांनी सकाळीच टँकरच्या ठेकेदाराला चहा पाजला होता, हे आमच्या ध्यानात आलं. बाया पाण्यामागं पळतील आन नगरपालिकेत त्यांची माणसं हात वर करतील, असा डाव. डाव चांगला होता, वाईट का म्हणू? पर त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. आमच्या एकीच्याबी घरात घागर नव्हती.

नाक्यावर गेलो तर टँकरचा डायवर मलप्पा पाइप हातात घेऊन उभा. उदगीरकडचा माणूस, निम्मं कानडी बोलायचा. "येनव्वा, घागरी कुठं हायेत?"

"नगरपालिकेत."

"तिथं काय करायल्यात?"

"सुनावणीला बसल्यात," सासूबाई म्हणाल्या.

मलप्पानं कपाळाला हात लावला. "आन मी टँकर कुणाच्या डोक्यावर रिकामा करू?"

"आमची रांग तिथं लागलीय बाबा," मी म्हणाले. "जिथं रांग तिथं टँकर. चल."

मलप्पाला लवकर मोकळं व्हायचं होतं. आम्ही मडगार्डला धरून, दारात लटकून, टँकरासकट नगरपालिकेत हजर झालो.

आत मुख्याधिकारी साहेब घाम पुसत बसले होते. पुण्याकडचे, आठवडा झाला होता येऊन. समोर साऱ्या खुर्च्यांवर घागरी. अमृतराव आन त्यांची माणसं भिंतीला टेकून उभी. खुर्ची रिकामी करायची एकाचीबी छाती झाली न्हाई. तेवढ्यात मलप्पानं खिडकीतून पाइप आत सोडला आन सासूबाईंनी पहिली घागर धरली.

साहेब ताडकन उठले. "अहो, हे काय? सभागृहात पाणी?"

गुरुलिंग हात जोडून म्हणाला, "साहेब, दोन महिन्यांत पहिल्यांदाच आलंय नगरपालिकेत पाणी. राहू द्या."

साहेब बसले. घागरी भरल्या, फरशी भिजली, साहेबांनी पाय वर घेतले आन सुनावणी सुरू झाली.

अमृतराव पुढं आले. "साहेब, घागरीचं मत धरू नका. हे काय चाललंय? जिची घागर तिनं हात वर करावा. कायदा म्हंजी कायदा."

"बरोबर," साहेब म्हणाले. "घागर एक, बाई एक, हात एक. आणि भिंतीपाशी उभे आहेत त्यांचाही एकेक हात."

"हाव, हाव," आम्ही म्हणालो. आमची काय ना न्हवती.

लिंबाखाली बोअर घ्यावा म्हणणारे हात वर झाले. फाटकात घ्यावा म्हणणारेबी झाले. साहेबांनी मोजले, गुरुलिंगाला मोजायला लावलं, परत सोता मोजले. दोन्हीकडं सारखे! एका हातासाठी पोरगी फाटकात उभी राहील, हे डोळ्यांसमोर दिसाया लागलं.

"ही पितळी घागर कुणाची?" साहेबांनी विचारलं. "हिचा हात आलाच नाही."

गुरुलिंगानं घागर फिरवून तिच्यावरचं कोरीव नाव वाचलं. "सौ. तारामती अमृतराव."

अमृतरावांचा चेहरा असा खुलला म्हणता! "अरे, ही तर माझ्या घरची! बघा साहेब, बायकूनं न सांगता घागर लावली. बोलवा रे तिला. पळा! एक मत आमचं जादा."

त्यांचाच माणूस पळाला. मी माझी भरलेली घागर खुर्चीवरनं उतरवून घेतली.

तारामतीबाई आल्या. पिठाचे हात पदराला पुसत, डोईवरचा पदर सावरत. साहेबांनी विचारलं, "फाटकात की लिंबाखाली?"

"लिंबाखाली," त्या म्हणाल्या आन हात वर केला.

पाइपातून अजून ठिबकत होतं.

"अगं, येड लागलं का तुला?" अमृतराव ओरडले.

"मला न्हाई लागलं. तुम्ही दिसभर हॉटेलात बसणार. कुलपाची चावी माझ्या कमरेला. कुणाला पाणी द्यायचं, कुणाला हाकलायचं, ते सांगणार तुम्ही. आन त्या बायांचे तळतळाट माझ्या लेकरांना. नको मला. दिवस उगवायच्या आधी येऊन घागर लावली ती याच्याचसाठी."

"घागर लावायच्या आधी मला विचारायचं होतं!"

"तुम्ही फाटकाचं ठरवताना मला विचारलं होतं का?"

साहेब खाली मान घालून लिहीत होते, पर हसू त्यांना आवरत नव्हतं. लिंबाखाली बोअर घ्यायचं ठरलं.

बोअरला पाणी लागलं. लई न्हाई, पर लागलं. हापसा बसला त्या दिवशी रांग लिंबापासून पार पिठाच्या गिरणीपर्यंत गेली. तारामतीबाईबी आल्या, पितळी घागर कमरेवर घेऊन. बायांनी आपसूक वाट सोडली. जुनी खोड, लवकर जात न्हाई. मला मातर राहवलं न्हाई.

"तारामतीबाई, नंबर मागून हाय."

"ठाऊक हाय बाई," त्या म्हणाल्या आन गिरणीपाशी जाऊन पंचशीलाच्या घागरीमागं आपली घागर ठेवली. दोघी उन्हात उभ्या राहिल्या. त्या तिला शाळेचं विचारत होत्या.

त्यांचा नंबर आला, तवा दांडा माझ्या पंचशीलानं धरला. हापशाला दोन माणसं लागतातच, एक हापसायला, एक घागर धरायला. पोरगी हापसत होती आन तारामतीबाई वाकून, दोन्ही हातांनी घागर धरून खाली बसल्या होत्या. घागर भरली. वर बघून त्या म्हणाल्या, "लई उपकार झाले गं बाई."

मला एकदम माझी माय आठवली. पंचशीलाला त्यातलं काय ठाऊक?

"उपकार कशाचे मावशी?" ती म्हणाली. "नंबर होता तुमचा."