उजव्या दाराची उंची

गाडीत शेजारी बसेल त्याने फाटक उघडायचं, हा फ्लिंट हिल्सच्या गुराख्यांच्या मुलुखातला कायदा कुठल्या कोर्टात लिहिलेला नाही, पण तो कोणी मोडल्याचंही ऐकिवात नाही. चालवणाऱ्याने चालवायचं. शेजारच्याने उतरायचं, फाटक उघडायचं, गाडी आत गेली की लावायचं आणि पुन्हा चढायचं. तिघं असतील तर शहाणा माणूस मधे बसतो. ग्लेंडाच्या गाडीत मधली जागा कॉफीचा थर्मास, पक्कड आणि पेंडीची रिकामी पोती यांनी अडवलेली असे, त्यामुळे त्रेचाळीस वर्षं सगळी फाटकं तिच्याच वाट्याला आली होती. घरापासून पश्चिमेच्या कुरणापर्यंत जाताना नऊ, येताना तीच नऊ.

तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. तिचा नवरा डेलबर्ट घरात टेबलाशी बसला की तोंडाला कुलूप लावून बसायचा. मीठ हवं असलं तरी नुसतं बोट दाखवायचा. पण एकदा का स्टिअरिंगवर हात पडले की माणूस खुलायचा. कुठली गाय आज-उद्या विणार, भावाशी का बिनसलं, आपण मेल्यावर कुठल्या टेकडीवर पुरावं, सगळं तो तिथेच बोलायचा. खरं सांगायचं तर त्यांचा संसार घरात कमी आणि त्या पिकअपमध्येच जास्त झाला होता.

तिच्या सासूबाईंनी शेवटची दहा वर्षं स्वयंपाकघरातल्या खिडकीशी काढली. पिकअप जाताना बघायच्या, येताना बघायच्या आणि आल्यावर विचारायच्या, "काय झालं रे तिकडे?" डेलबर्ट म्हणायचा, "काही नाही." ग्लेंडाला त्या 'काही नाही'ची मनातून धास्ती होती. तिला एकाहत्तरावं लागलं होतं आणि उजवा गुडघा दोन वर्षं कुरकुरत होता. एकदा तिने नवऱ्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "सगळ्यांचंच दुखतं." तेव्हापासून तिने तो विषय काढला नव्हता.

फेब्रुवारीत जुन्या पिकअपचा सांगाडा गंजून मधोमध खचला. पंचवीस वर्षं राबलेली गाडी, तिला नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. डेलबर्टने आठवडाभर माहितीपत्रकं चाळली, मोजायची लोखंडी टेप खिशात टाकली आणि बायकोला घेऊन तालुक्याच्या गावी ट्रेंटकडे गेला. ट्रेंट चाळिशीतला, तिथला गाड्यांचा विक्रेता. जुनी पिकअप त्याच्याच बापाने विकली होती.

अंगणात नव्या पिकअप ओळीने उभ्या होत्या. ग्लेंडाची नजर आधी दारांच्या उंचीवर गेली. मधल्या पंचवीस वर्षांत ह्या गाड्यांना काय खाऊ घातलं होतं कोण जाणे. माल ठेवायच्या मागच्या हौद्याची कड डेलबर्टच्या हनुवटीला लागत होती. पूर्वी हौद्यातली पक्कड माणूस जमिनीवर उभा राहून उचलायचा. आता आत काय पडलंय ते बघायला टायरवर चढावं लागणार.

"एवढी उंच कशाला रे?" डेलबर्टने विचारलं.

"चारही चाकांना इंजिनाचा जोर द्यायचा म्हणजे पुढचा आस मोठा लागतो, आणि स्प्रिंगाही जाड," ट्रेंट म्हणाला. "आणि लोकांना उंचच आवडतं, डेलबर्ट. खरं तेच आहे."

डेलबर्ट टेप काढून कामाला लागला. त्यांचा गुरांचा ट्रेलर लांब मानेचा. ती मान पिकअपच्या हौद्यात मधोमध बसवलेल्या लोखंडी गोळ्यावर टेकते. मान आणि हौद्याची कड यांच्यात सहा इंच मोकळे हवेत, नाहीतर ओढ्यात उतरताना दोघांची टक्कर ठरलेली. मान उचलून घ्यावी तर ट्रेलर नाक वर करून चालणार, भार सगळा मागच्या आसावर पडणार आणि आतली गुरं घसरत मागच्या दाराशी गोळा होणार. डेलबर्टने गोळा मोजला, कड मोजली, हौद्याचा मागचा फाळका मोजला, पोटाखालची जागा गुडघ्यावर बसून मोजली. कागदावर आकडे लिहिले. तासभर त्याचा हा यज्ञ चालला होता. ग्लेंडा थंडीत कोटाच्या खिशात हात घालून उभी होती आणि तिच्या मनात येत होतं, ट्रेलरच्या मानेची एवढी काळजी करणारा माणूस लाखात एक.

"दाराखाली पायरी लावून देऊ का?" ट्रेंटने विचारलं.

"पायऱ्या शहरातल्यांना. आमच्या दगडांत दोन दिवस टिकायच्या नाहीत. आणि चिखल-बर्फ भरला की पाय घसरून तोंडावर आपटायचं," डेलबर्ट म्हणाला.

कोपऱ्यात एक पांढरी पिकअप उभी होती. तिच्या फक्त मागच्या चाकांना जोर. विजेच्या तारा ओढणाऱ्या कुठल्याशा कंपनीने मागवली आणि मग नको म्हणाली. बाकीच्यांपेक्षा चांगली चार बोटं बसकी. डेलबर्टने तिच्याकडे बघितलंही नाही. "ही काय, चर्चला जायला? अर्नी मला गावात फिरू देणार नाही." अर्नी म्हणजे पलीकडच्या कुरणाचा मालक, ज्याच्या जिभेला हाड नव्हतं.

ट्रेंटने मग ग्लेंडाकडे वळून विचारलं, "तुम्हाला कशी वाटतेय ही उंच?"

हीच वेळ होती. पण ह्या मुलुखात बाई चारचौघांत 'मला जमणार नाही' म्हणत नाही. वासरू अडलेलं असो की बर्फात टायर बदलायचा असो, ती बाह्या सारते. ग्लेंडा म्हणाली, "रंग छान आहे."

"एक दिवस घेऊन जा," ट्रेंट म्हणाला. "कामाला लावून बघा, मग ठरवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन निघालं होतं, वारा पडला होता. डेलबर्ट पेंड भरून तयार होता, नव्या गाडीचा वास घेत लग्नाच्या वयाच्या पोरासारखा बसला होता. ग्लेंडाने दारावरचा दांडा धरला, डावा पाय वर टाकला आणि अंग ओढून घेतलं. बसली. जमलं. पहिल्या फाटकापाशी उतरली, तेही जमलं. फाटकं तारेचीच, खांबाला खांदा लावून दाबायचं, वरची कडी काढायची. त्यात ती वाघीण होती. पुन्हा चढताना मात्र गुडघ्यात कोणीतरी सुरी फिरवली. दुसऱ्या फाटकाला तिने दात आवळले. तिसऱ्याला दांड्याला लोंबकळून कशीबशी आत आली आणि डेलबर्टने विचारलं, "काय गं, धाप लागली?"

"थंडी आहे."

चौथं फाटक लावून तिने कडी अडकवली आणि पिकअपकडे पाहिलं. दार उघडं होतं. सीट तिच्या छातीच्या उंचीवर होती. पाचवं फाटक अर्ध्या मैलावर. ग्लेंडाने दार लोटून दिलं आणि चालायला लागली.

डेलबर्टला आधी वाटलं तिला काहीतरी दिसलं असेल, तुटलेली तार किंवा वासरू. त्याने गाडी तिच्या चालीने तिच्या शेजारून सोडली, काच खाली केली. "काय शोधतेस?"

"काही नाही."

शंभर पावलं अशीच गेली. वर तो, खाली ती. त्याला बघायला तिला मान वर करावी लागत होती, त्याला तिच्या टोपीचं टोक तेवढं दिसत होतं. लांबून गायींनी इंजिनाचा आवाज ओळखला आणि त्या रांगेने यायला लागल्या.

"ग्लेंडा, चढ ना. उगाच का चालतेस?"

ती थांबली. "नाही चढत. मला आता चढता येत नाही, डेलबर्ट. गुडघा मोडून पडेल माझा."

त्याने ब्रेक लावला. "मग काल का नाही बोललीस?"

"तू विचारलंस? ट्रेलरला विचारलंस. गोळ्याला विचारलंस. फाळक्यालासुद्धा विचारलंस. मला ट्रेंटने विचारलं!"

डेलबर्टने टोपी मागे सरकवली. माणूस वाईट नव्हता, नुसता उशिरा पेटणारा. तो अगदी मायेने म्हणाला, "मग असं कर, तू उद्यापासून घरीच थांब. ऊबेत बस. फाटकं मी उघडीन."

त्याने शिवी दिली असती तर तिला इतकं लागलं नसतं. डोळ्यांत एकदम पाणी आलं आणि तिला त्याचा रागही आला. "आणि खिडकीत बसून तुझी वाट बघू? आल्यावर विचारू, काय झालं? आणि तू म्हणशील काही नाही? मला यायचंय, डेलबर्ट. मला रोज तुझ्याबरोबर यायचंय. फाटकांसाठी नाही येत मी."

इतकं उघड तिने लग्नातही काही म्हटलं नव्हतं.

डेलबर्टने इंजिन बंद केलं. उतरला, समोरून वळसा घालून तिच्या बाजूला आला आणि उजव्या दारापाशी उभा राहिला. त्रेचाळीस वर्षांत ह्या बाजूने तो कधी चढला नव्हता. डावीकडे ओढून घ्यायला स्टिअरिंगचं चाक असतं. इकडे नुसता दांडा. शिवाय रस्ता मधे फुगलेला, आणि उजवी कड पाण्याने खाल्लेली, म्हणजे वीतभर आणखी खोल. तो चढला. उतरला. पुन्हा चढला, पुन्हा उतरला. ग्लेंडा कंबरेवर हात ठेवून बघत होती. गायी येऊन अर्धगोल करून उभ्या होत्या, त्याही बघत होत्या.

"किती झाले?" पाचव्यांदा उतरल्यावर त्याने विचारलं. त्याला चांगलाच दम लागला होता.

"पाच. अजून तेरा आहेत."

त्याने दाराला टेकून श्वास घेतला. "इकडची चाकरी वेगळीच आहे की गं."

"सांगतेय काय मी मग?"

तिला हसू फुटलं, आणि ते बघून त्यालाही. बसायला म्हणून त्यांनी फाळका खाली पाडला, तर तोही त्यांच्या कमरेच्या वर. शेवटी पेंडीची दोन पोती खाली ओढून दोघं त्यांवर बसली, थर्मासमधली कॉफी प्याली. जातानाची उरलेली पाच आणि येतानाची नऊ फाटकं डेलबर्टने उघडली आणि ग्लेंडाने, स्टिअरिंगला धरून एकदाच वर चढून, गाडी चालवली. तिने गिअर टाकताना तो दोनदा कण्हला.

त्याच दुपारी त्यांनी उंच पिकअप परत केली आणि कोपऱ्यातली पांढरी आणली. सही करण्याआधी डेलबर्टने बायकोला अठरा वेळा चढायला-उतरायला लावलं आणि स्वतः दार धरून मोजत उभा राहिला. ट्रेंटने एकदाच विचारलं, "चिखलात कसं करणार?" डेलबर्ट म्हणाला, "चाकांना साखळ्या बांधीन. फारच झालं तर ट्रॅक्टर. माझ्या बापाने जन्मभर मागच्या दोन चाकांवरच गुरं पोसली." गंमत म्हणजे जुना ट्रेलर तिच्यावर पाण्याच्या पातळीसारखा सपाट बसला.

शनिवारी पेंड भरायला ती दोघं सहकारी दुकानात गेली. आत शेगडीभोवती नेहमीची मंडळी कॉफी पीत होती, आणि मधोमध अर्नी. त्याने खिडकीतून पांढरी पिकअप बघितली होती. तो तयारच होता.

"डेलबर्ट, पुढच्या चाकांचा जोर कोणी चोरला रे? का दिवे-तारा दुरुस्त करायला लागलास?"

सगळे हसले. ग्लेंडा काउंटरशी उभी होती. तिने पर्स घट्ट धरली. आता काय येणार ते तिला ठाऊक होतं: बायकोचा गुडघा. ह्या दुकानात कुठलीही गोष्ट बायकोवर ढकलली की सगळे समजून माना हलवत, आणि विषय संपे. मनातल्या मनात तिने त्याला माफही करून टाकलं होतं.

"ग्लेंडा रोज माझ्याबरोबर येते," डेलबर्ट म्हणाला. "ती येत राहायला हवीय मला. उंच गाडीत एकटाच बसून मी काय करू?"

कोणी हसलं नाही. ग्लेंडाचे कान तापले. एवढ्या माणसांत, एवढ्या मोठ्याने! तिला वाटलं आता जमिनीने पोटात घ्यावं, आणि असंही वाटलं की त्याने पुन्हा एकदा म्हणावं.

अर्नीने कप खाली ठेवला. "जॉइस दोन वर्षं नाही आली माझ्याबरोबर," तो म्हणाला. जॉइस त्याची बायको. "मला वाटलं, कंटाळली असेल." मग तो उठून बाहेर गेला. दुकानाच्या काचेतून सगळ्यांना दिसत होतं: त्याने पांढऱ्या पिकअपचं उजवं दार उघडलं, आत पाय टाकला, काढला. शेजारी त्याची स्वतःची गाडी उभी होती, काळी, डोंगराएवढी. तिच्या उजव्या दाराकडे तो बराच वेळ बघत राहिला.

ग्लेंडा पेंडीची पावती घेऊन बाहेर आली तेव्हा तो तिथेच होता.

"ग्लेंडा," त्याने विचारलं, आणि आवाजात टवाळीचा मागमूस नव्हता, "ट्रेंटकडे अशी आणखी एखादी असेल का? विचारून बघू त्याला?"

"ट्रेंटला नंतर विचार," ग्लेंडा म्हणाली. "आधी घरी जा आणि जॉइसला विचार."