ताईचा पाय आणि पाणी पिणारी माती

"प्यायली! बघा, प्यायली!"

अख्खी गर्दी एका तोंडानं ओरडली. नदीकाठच्या कुंपण घातलेल्या रानात बाबांनी खळग्यात घागर उपडी केली होती. पाणी जरा वेळ चकाकलं, त्याचे बुडबुडे आले आणि सगळं खाली गेलं. ना डबकं, ना चिखल. मागं उरली नुसती ओलसर तपकिरी माती, आणि तिच्यात बारीक कण चमकत होते.

"सोनं आहे हो मातीत!" कुणीतरी म्हणालं.

"अभ्रक आहे," गर्दीच्या शेपटाला उभा असलेला खड्डेमामा पुटपुटला. पण त्याचं ऐकतंय कोण?

"माझ्या लेकरांनो," पांढऱ्या झग्यातले बाबा हात पसरून म्हणाले, "ही साधी माती नाही, ही तहानलेली आई आहे! जसं पाणी पिते, तसं तुमचं दुखणं पिते. खोटं वाटतं? जा, आपल्या अंगणात घागर ओता. दोन दिवस डबकं साचेल. का? कारण तिथली माती तुमच्यावर रुसलीय!"

शिंप्यानं डोळे पुसले. त्याचं घर नदीपासून लांब, मागच्या खोलगट भागात होतं आणि अंगणात खरंच डबकं साचायचं. आजवर तो बिचारा त्याचा दोष उताराला देत आला होता.

खड्डेमामाला राग आला नाही, कंटाळा आला. तो संडासाचे शोषखड्डे खणायचा. खड्डा केवढा करायचा हे ठरवायला आधी एक हातभर खळगा खणायचा, त्यात पाणी ओतायचं आणि ते किती वेळात जिरतं ते बघत बसायचं, ही त्याची रीत. लवकर जिरलं तर खड्डा लहान पुरतो, उशिरा जिरलं तर मोठा लागतो. तीस वर्षं तो लोकांच्या परसात हेच करत आला होता, आणि लोक नाकाला फडकं लावून लांबून जात होते. आज तेच काम दुसरा कुणी करत होता, तर त्याच्या पायावर लोळत होते. लोळेनात का. या वयात कुणाकुणाशी भांडायचं?

पण पहिल्याच रांगेत त्याची ताई बसली होती.

ताई त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच त्याला भरवलं, वाढवलं, चोपलं. आता तिला साखरेचा आजार होता, उजव्या पायाच्या करंगळीला जखम झाली होती, आणि नर्सबाई रोज ती धुऊन पट्टी बांधायची. निदान चार दिवसांपूर्वीपर्यंत बांधायची. आता ताईचा पाय घोट्यापर्यंत मातीत पुरलेला होता. तिच्यासारखे आणखी वीसेक पाय रांगेत पुरलेले, आणि बाबांचा चेला दर तासाला प्रत्येकावर तांब्याभर पाणी ओतत होता.

"ताई, ऊठ. दवाखान्यात चल."

"आलास? बस खाली. आणि बाबांसमोर तोंड आवर."

"दुखतंय का?"

"दुखायचं थांबलंय! पाय आहे की नाही, तेसुद्धा कळत नाही बघ."

खड्डेमामा तिच्या पायाजवळ उकिडवा बसला. दुखतोय तोवर बरं, दुखायचा थांबला की धावत या, असं नर्सबाईनं दहादा सांगितलं होतं.

"अगं, ही नदीनं आणलेली माती आहे. पूर आला की काठावर आधी जड वाळू टाकतो, बारीक गाळ लांब नेतो. म्हणून काठाला पाणी जिरतं आणि शिंप्याच्या अंगणात तुंबतं. यात आई नाही नि मावशी नाही."

"संडासाचे खड्डे खणणारा तू, मला माती शिकवतोस?" ताई फणकारली. शेजारच्या दोघी फिसकन हसल्या. "आणि खालचं अमृत? तेही तुझ्या पुरानं आणलं का?"

अमृत म्हणजे असं. खळग्यापासून बारा-पंधरा पावलांवर नदीची दरड होती. बाबा आल्याच्या चौथ्या दिवशी त्यांनी तिथं काठी टेकवली, आणि कोरड्या दरडीतून पाणी झरू लागलं. ते बाटल्यांत भरून वाटत होते. ताई रोज अर्धी बाटली प्यायची.

खड्डेमामा उतरून दरडीखाली गेला. नदीनं काठ सुरीनं कापावा तसा कापला होता. पुराचा एकेक थर एकावर एक रचलेल्या गाद्यांसारखा दिसत होता. वर पुरुषभर उंचीचा पोयटा, म्हणजे भुसभुशीत गाळमाती, वरपासून खालपर्यंत एकसारखा तपकिरी. पाणी तुंबणारी माती राखाडी पडते, कुबट वास मारते, इथं तसलं काही नव्हतं. त्यानं चिमूटभर दाबून पाहिली. गोळा झाला आणि बोट लावताच भुगा होऊन पडला. पोयट्याच्या खाली जाड वाळू, आणि वाळूच्या खाली चिकणमातीचा घट्ट निळसर पट्टा. पाणी बरोबर त्या पट्ट्यावरून झरत होतं.

त्यानं वर पाहिलं. पुरलेल्या पायांची रांग नेमकी डोक्यावर होती.

"अरे देवा," तो म्हणाला आणि तिथंच दगडावर बसला.

तिथून तो तडक नर्सबाईकडे गेला. ती म्हणाली, "मामा, उद्यापर्यंत आणा त्यांना. तोवर एका बोटावर भागेल. आणखी उशीर केलात तर पाय कापायला लागेल."

"उचलून आणू का?"

"आणाल हो. पण त्या उद्या परत जातील. त्यांना स्वतःला पटायला हवं."

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच खड्डेमामा हात जोडून बाबांपुढं उभा राहिला. "बाबा, चुकलो. सेवा द्या काहीतरी. खळग्यात पाणी ओततो."

"पाहा, पाहा!" बाबा खूश झाले. "नास्तिकही शरण आला!"

शरण आलेल्या नास्तिकानं कुणी बघत नाहीसं पाहून पाण्याच्या पिंपात मिठाचं अख्खं पोतं रिकामं केलं, फावड्याच्या दांड्यानं ढवळलं, आणि चाळीस घागरी खळग्यात ओतल्या. पुरलेल्या पायांना त्यातला थेंबही लागू दिला नाही. त्याची कंबर मोडायची वेळ आली. माती मात्र गपागप पीत होती.

दुपार कलल्यावर चेल्यानं झऱ्याच्या बाटल्या वर आणल्या. ताईनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"ई! खारट लागतंय."

"माझंही!" शिंपी थुंकला. बघता बघता गर्दीभर थू-थू झाली.

बाबांनी क्षणभर डोळे मिटले. पण माणूस तयारीचा. "लेकरांनो! आई रडतेय! तुमच्यातल्या कुणाच्या तरी पापानं आईच्या डोळ्यांत पाणी आलंय. अश्रू खारटच असतात!"

चारपाच जणांनी तिथंच जमिनीवर डोकं टेकलं. खड्डेमामा कपाळावर हात मारून पुढं आला. पोतं त्याच्या हातात होतं.

"हे बघा आईचे अश्रू. पन्नास किलो, वाण्याच्या दुकानातले. सकाळी मी पिंपात कालवले आणि याच खळग्यात ओतले. उद्या साखर कालवतो, मग आई हसणार का?"

कुणीतरी खिदळलं. बाबा हसले नाहीत.

"हा पापी आईची विटंबना..."

"बाबा, माती पाणी पीत नाही. पाणी वाळूतून खाली जातं, खाली चिकणमाती लागली की तिच्यावरून घसरत दरडीतून बाहेर पडतं. तुम्ही इथं ओतायला लागलात आणि चौथ्या दिवशी झरा फुटला. काठीनं काय होतंय? माझं कुणीच खरं मानू नका. कुंपणाबाहेर काठाकाठानं कुठंही जा, घागर ओता, जिरतं का बघा. आणि बाबा, एवढं अमृत आहे तर ही बाटली तुम्हीच संपवा की."

त्यानं बाटली पुढं धरली. बाबांनी हात मागं घेतला.

तेवढं सगळ्यांनी बघितलं. शिंपी पुरलेल्या पायांकडे बघत राहिला, मग हातातल्या बाटलीकडे, आणि तोंडावर हात दाबून झुडपाकडे पळाला. दोन बाप्ये कुंपणाबाहेर घागर ओतून आले. "तिथंही जिरतंय," एकजण बाबांकडे न बघता म्हणाला.

ताई हळूच म्हणाली, "म्हणजे मी चार दिवस या सगळ्यांच्या पायांचं पाणी प्यायले?"

"हो गं ताई."

"माझ्याही पायाचं," ताई म्हणाली.

तिनं पाय उपसला. खड्डेमामानं आपल्या पाण्याच्या बाटलीतलं साधं पाणी हळूहळू ओतलं. करंगळी काळी पडली होती. हसणाऱ्या शेजारणींनी मान फिरवली.

"खालीच ठेव मला," भावानं उचलल्यावर ती म्हणाली. "कंबर मोडेल तुझी."

"ती सकाळीच मोडलीय. गप्प बस."

करंगळी काढावी लागली. पाय वाचला. बाबा त्याच संध्याकाळी निघून गेले. पुढं कुठंतरी ते हवेतून औषध काढतात असं आठवड्याभरात कानावर आलं, आणि इथलीच काही माणसं तिकडं गेली. ते ऐकून खड्डेमामा फावडं उचलून कामाला गेला. बोलून थकला होता.

बोलली ती ताई. दवाखान्यातल्या खाटेवर, पट्टी बांधलेला पाय उशीवर ठेवून, बघायला आलेल्या प्रत्येकाला तिनं तेच सांगितलं.

"माती चांगलीच आहे. मोकळी, भुसभुशीत. मुळा लावा, भाजी लावा, सोनं पिकेल. पण दुखणं घेऊन दवाखान्यात जा. आणि कुणी चमत्कार दाखवला ना, तर पाया पडायच्या आधी विचारा, हे आलं कुठून आणि गेलं कुठं? मी विचारलं नाही. माझा भाऊ सांगत होता, तर मी त्यालाच झिडकारलं. विचारल्यावर जो चिडेल त्याच्याजवळ थांबू नका. एवढं केलं असतं, तर आज दहा बोटं घेऊन घरी गेले असते."