आतली कड

तलावाभोवतीच्या रस्त्याला आठ फेऱ्या मारल्या की दहा किलोमीटर होतात, ही त्या घरात दगडावरची रेघ होती. वडील मोजणी खात्यात होते. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या भावांच्या मधोमध उभं राहून त्यांनी आयुष्यभर लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजल्या, आणि त्यांचं एकही माप कधी कोर्टात खोटं ठरलं नाही. मुलगी चौदा वर्षांची होती. ही पळू शकते असं लक्षात आल्यावर एका सकाळी त्यांनी पोलादी फीत काढली, एक टोक तिच्या हातात दिलं आणि तलावाची फेरी मोजली. साडेबाराशे मीटर. बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. आता सबब सांगायला जागा उरली नाही, असं ते त्या दिवशी म्हणाले.

पुढची दहा वर्षं ती फेऱ्या मारत राहिली आणि दहा वर्षं एकच गोष्ट घडत राहिली. तलावावर दहा किलोमीटरला पस्तीस मिनिटं पन्नास सेकंद. स्पर्धेत, मैदानावर, त्याच दहा किलोमीटरला जवळजवळ सदतीस. दर वेळी एक मिनिट गायब, कुणी खिसा कापावा तसं. निवड चाचणीला सव्वाछत्तीसच्या आत येणं भाग होतं. ती तीनदा उतरली आणि तीनदा हात हलवत परत आली. तिसऱ्या वेळी, चोविसाव्या वर्षी, छत्तीस मिनिटं चोपन्न सेकंद लागले. वडील कठड्याशी उभे होते. ते रागावले नाहीत. पाण्याची बाटली तिच्या हातात देऊन एवढंच म्हणाले, "पाय आहेत तुला. काळीज नाही."

तिने त्या दिवशी बूट काढले ते पंधरा वर्षं पायात घातले नाहीत.

बूट माळ्यावर गेले, पण वाक्य घरातच राहिलं. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा वडिलांनी ते त्याला थट्टेने ऐकवलं. शेजाऱ्यांना ऐकवलं. शेवटच्या वर्षी अंथरुणाला खिळल्यावर, गुडघे वाकवून घ्यायला जी बाई यायची, तिलाही सांगितलं की ही माझी मुलगी, घोड्याचे पाय आणि सशाचं काळीज. बाई हसली. तीही हसली, कारण तिच्या हातात त्या वेळी त्यांचं भांडं होतं आणि भांडं हातात असताना माणूस भांडत नाही.

वडील गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिने माळ्यावरून बूट काढले, तेव्हा सगळ्यांनी आपापल्या परीने अर्थ लावला. मन रमवतेय, म्हणाले. नवरा म्हणाला, नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी तिने त्याला मुद्दाम उठवून सांगितलं की दहावा उजाडलाय, चहा टाक.

बूट मात्र पहिल्याच दिवशी दगा देऊन गेले होते. पंधरा वर्षांत तळ आतून कुजला होता. दुसऱ्या फेरीत तो शिळ्या पावासारखा तुकड्या-तुकड्याने गळाला, आणि ती एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा अशी घरी आली. नवे बूट आणले. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, अशी सुरुवात केली. नडगीची हाडं ठणकायची. जिना उतरताना ती खेकड्यासारखी आडवी उतरायची. जी फेरी कधीकाळी बोलत-बोलत व्हायची, तिच्या अर्ध्यावर छातीचा भाता व्हायचा, आणि पोट सुटलेले दोन गृहस्थ गप्पा मारत तिला मागे टाकून जायचे. शरीराला जुनं काहीही आठवत नव्हतं. आठवत होता तो फक्त अपमान.

कारण ती मन रमवायला पळत नव्हतीच. तिला एकदाच, मेलेल्या माणसाच्या नाकावर टिच्चून, तलावावर लागतो तेवढाच वेळ स्पर्धेत लावून दाखवायचा होता. वेळ कितीही वाईट असो, फक्त तोच असावा. मग ते वाक्य खोटं पडणार होतं. ऐकायला ते नव्हते, पण ते असताना तिचं धाडस झालंच नसतं, हेही तिला ठाऊक होतं.

सोळा आठवड्यांनी तलावावर आठ फेऱ्या चोपन्न मिनिटं दहा सेकंदांत झाल्या. पुढच्या रविवारी ती दहा किलोमीटरच्या स्पर्धेत उतरली. ती घाबरली नाही. सुरुवातीला उधळली नाही, शेवटी खचली नाही, श्वास तोच, पाय तेच. शेवटच्या वळणावर तिला वाटलं, जमलं. अंतिम रेषेवरच्या घड्याळात पंचावन्न मिनिटं पंचेचाळीस सेकंद होते.

ती बसमध्ये खिडकीशी बसली आणि घरापर्यंत तिने ते वाक्य त्यांच्या आवाजात ऐकलं. नवऱ्याला तिने सांगितलं की बरी झाली शर्यत. माणूस जाळला तरी शब्द जळत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं.

ती कान तपासायच्या खोलीत काम करायची. काचेच्या छोट्या खोलीत माणसाला बसवायचं, कानावर यंत्र चढवायचं आणि बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. रोज सकाळी पहिला माणूस येण्याआधी ती ते यंत्र स्वतःच्या कानावर चढवून सगळे आवाज ऐकून घ्यायची. हा तिथला नियमच होता. यंत्रात खोट असली तर धडधाकट माणूस बहिरा ठरतो. आधी यंत्र तपासायचं, मग माणूस. स्पर्धेनंतरच्या बुधवारी कानावर यंत्र असतानाच तिचा हात बटणावर थांबला. पंचवीस वर्षं त्या घरात फक्त माणूस तपासला गेला होता.

शनिवारी पहाटे आईकडे जाऊन तिने अडगळीच्या कपाटातून फीत घेतली. आई झोपलेली होती. तलावावर तिने फितीचं टोक दगडाखाली दाबून, खडूने खुणा करत, तीस-तीस मीटर करून पूर्ण फेरी मोजली. ती जिथून पळायची तिथून, आतल्या कडेपासून पाऊलभर सोडून. बाराशे चौदा मीटर.

मग तिने रस्ता ओलांडला आणि बाहेरच्या कडेने मोजलं. साडेबाराशे. बोटभर इकडे नाही की तिकडे नाही.

तिने फीत गुंडाळली. वडिलांचं माप चुकलं नव्हतं. मोजणीदाराने हद्द बाहेरच्या कडेने धरायची असते, म्हणजे कुणाचं काही मारलं जात नाही. आणि पळणाऱ्याने वळणावर आतली कड सोडायची नसते. दोन्ही नियम त्यांनीच तिला शिकवले होते, आणि फितीचं दुसरं टोक तिच्याच हातात होतं. फेरीला छत्तीस मीटर. आठ फेऱ्यांना दोनशे अठ्ठ्याऐंशी. ते अंतर पळायला तेव्हा तिला एक मिनिट लागायचं, आता दीड. कुणी खिसा कापला नव्हता. खिशात तेवढे नव्हतेच.

ती परत आली तेव्हा आई उशांना अभ्रे चढवत होती. फीत टेबलावर ठेवून तिने सांगितलं की तलावाची फेरी छत्तीस मीटरने कमी भरते.

आईने कशावरून असं विचारलं नाही. तिने उशी मांडीवर घेतली.

"कळलं का तुला," आई म्हणाली.

मग आईने सांगितलं. मुलीने पळणं सोडलं त्याच्या दुसऱ्या वर्षी कचेरीतल्या कुणीतरी त्यांना सहज बोलता-बोलता सांगितलं की मैदानाच्या फेऱ्यांचं माप आतल्या कडेने धरतात. त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी फीत घेऊन निघाले.

"एकटेच?"

"दुसरं टोक मी धरलं होतं."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, पुन्हा पुन्हा, आणि ती जागेत बसत नव्हती. शेवटी तिने विचारलं की त्यानंतर तेरा वर्षं ते तेच वाक्य बोलत राहिले, त्या गुडघेवाल्या बाईलासुद्धा सांगितलं, तेव्हा तू कुठे होतीस.

"मी म्हटलं त्यांना. पोरीला सांगा म्हटलं." आई उशीची शिवण बोटाने दाबत राहिली. "ते म्हणाले, माप चुकलं म्हटलं तर ती चारचौघींसारखी ठरते. काळीज नाही म्हटलं तर निदान पाय तरी तिचे राहतात."

तिला वाटलं होतं की ते हट्टी होते, शब्द मागे घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. तेवढं तिला सोसलं असतं. हे वेगळं होतं. ते हिशेब करून बसले होते. पस्तीस पन्नास कधी कुणी पळालंच नव्हतं. छत्तीस चोपन्न हीच तिची सगळी ताकद होती, तीही तिसऱ्या खेपेला, जीव काढून, आणि निवड सव्वाछत्तीसला होती. ती भित्री नव्हती, बेताची होती. बेताच्या मुलीपेक्षा त्यांना भित्री मुलगी परवडली.

"आणि मला काय परवडलं असतं, ते?" ती म्हणाली.

"ते गेले ना आता."

"तू आहेस."

आईने उशी बाजूला ठेवली. तिचे डोळे भरले नव्हते. त्या घरात बायका हिशेबाने रडत. ती म्हणाली की तुला सांगितलं असतं तर तू त्यांचं तोंड पाहिलं नसतंस, मग शेवटचं वर्ष त्यांचं कुणी केलं असतं. माझ्या एकटीच्या हाताने तर ते कुशीवरही वळत नव्हते.

ती उठली. फीत तिने परत कपाटात ठेवली नाही, बरोबरही घेतली नाही. दारात बूट घालताना आईने मागून विचारलं की पुन्हा कधी आहे शर्यत. ती म्हणाली, पुढच्या महिन्यात.

"किती लागतील?"

"पंचावन्न मिनिटं. जरा वर."

आईने मान हलवली. आकडा कमी की जास्त, हे तिला कधीच कळलं नव्हतं. पंचवीस वर्षांत ती एकाही स्पर्धेला आली नव्हती, कारण स्पर्धा हे बापलेकीचं खातं होतं.

"मी येऊ बघायला?"

तिने नाडी बांधून पूर्ण केली, गाठ ओढून पाहिली.

"नको," ती म्हणाली, आणि जिना उतरू लागली.