वाट पाहू नका

इस्त्रीवाल्याच्या दुकानावर एक खोली होती, तिथे बसून तो वेबसाइट तयार करायचा. खालून दिवसभर वाफ यायची. थंडीत बरं वाटायचं, उन्हाळ्यात अंगाची लाहीलाही व्हायची. तुम्ही नक्की काय करता, असं इस्त्रीवाल्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं आणि त्याने बराच वेळ समजावून सांगितलं होतं. इस्त्रीवाल्याच्या लक्षात त्यातलं फक्त जाळं राहिलं. तेव्हापासून तो त्याला ‘जाळेवाले’ म्हणायचा.

“काय जाळेवाले, लागला का एखादा मासा?” तो जिन्याखालून ओरडायचा.

मासे लागायचं सोडा, होते तेच निसटत होते. एका मोठ्या कंपनीने नवीन सोय काढली होती. फोनवर चार वाक्यं बोलायची, की चहा गार व्हायच्या आत साइट तयार, तीही फुकट. आधी पोहण्याचा क्लास गेला, मग चष्म्याचं दुकान गेलं. फर्निचर विकणाऱ्या मावसभावाने तर घरी येऊन सांगितलं, “वाईट वाटून घेऊ नकोस हं. धंदा आहे शेवटी.” त्याने वाईट वाटून घेतलं नाही, निदान मावसभावासमोर तरी.

त्याची बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. जनावरांच्या डॉक्टरबाईंचं नाव तिनेच सुचवलं.

“त्यांच्या चिठ्ठ्या आमच्याकडे येतात. अक्षर चक्क वाचता येतं! इतकी सरळ बाई आहे, तुझं ऐकून तरी घेईल.”

डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं, पण शेजारी त्यांचे जावई बसले होते. जावई भला माणूस होता, बँकेत होता आणि सासूबाईंचे पैसे वाया जाऊ नयेत एवढंच त्याला वाटत होतं.

“ते फुकट मिळतं म्हणे,” डॉक्टरबाई अवघडून म्हणाल्या. “जावईबापूंनी चौकशी केलीय.”

“मी नुसतं सुचवलं हो,” जावई म्हणाला.

आता जावयाचं सुचवणं म्हणजे काय असतं, हे सांगायला नको. जाळेवाल्याने वाद घातला नाही. तो म्हणाला, “बाई, मला एक दिवस बाहेरच्या बाकावर बसू द्या. मग ठरवा.”

दुसऱ्या दिवशी तो बाकावर बसला. एका बाजूला पिशवीतून डोकं काढून गुरगुरणारी मांजर, दुसऱ्या बाजूला वजनकाट्यावर चढायला तयार नसलेला धिप्पाड कुत्रा. आत डॉक्टरबाई एका हाताने जखम धरून, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन दाबून बोलत होत्या. फोन थांबतच नव्हता, आणि विचारणं सगळ्यांचं एकच: आमच्या जनावराने अमुक खाल्लं, आता काय करू?

“साबण खाल्ला? केवढा? बरं, पाणी ठेवा समोर. आणि फेस आला तर हसू नका, त्यांनाही लाज वाटते.”

तो हे कान देऊन ऐकत होता. संध्याकाळी तो आत गेला आणि म्हणाला, “बाई, हे फोन मी कमी करतो.”

त्याने त्यांच्यासाठी जे पान केलं, त्याचं नाव ‘काय खाल्लं?’ असं होतं. जनावर निवडायचं, खाल्लेली वस्तू निवडायची, की डॉक्टरबाईंचं उत्तर यायचं. ते त्यांच्याच शब्दांत, जसं त्या बोलत तसंच्या तसं. त्या सांगत गेल्या, तो लिहीत गेला. पुस्तकी एकही शब्द त्याने येऊ दिला नाही. उंदराच्या औषधाबद्दल त्या म्हणाल्या होत्या, “औषध खाऊनही कुत्रा उड्या मारत असेल, तर म्हणाल, काळजी नको. तिथेच फसाल. वाट पाहू नका, असेल तसा उचलून आणा. विष हळूहळू भिनतं.” हे त्याने तसंच ठेवलं.

पान लोकांना आवडलं. फोन खरंच कमी झाले, आणि जे यायचे ते वेळेवर यायला लागले. जेवताना डॉक्टरबाई जावयाला म्हणाल्या, “जावईबापू, असं फुकटात नसतं हो मिळालं,” आणि जावयाने मोकळेपणाने मान्य केलं. बाईंच्या शब्दावर कुत्र्यांचं पाळणाघर चालवणारी एक बाई आली, मग पक्ष्यांचं खाद्य विकणारा एक जण आला. काही महिने तो जिना चढताना शीळ वाजवायचा. इस्त्रीवाल्याने मासा लागला का विचारणं बंद केलं.

मग पानावर येणारी माणसं कमी झाली. त्याला वाटलं, त्याच्याच कामात काहीतरी बिघडलंय. सगळं तपासलं, काही सापडेना. शेवटी गिऱ्हाईक शोधतं तसं त्याने स्वतः शोधून पाहिलं आणि कारण समोरच दिसलं. लोक शोधायचे तेही त्याच मोठ्या कंपनीच्या पानावर, आणि आता ती उत्तर स्वतःच वर देत होती. प्रश्न टाकला, की दोन ओळींत उत्तर. शब्द डॉक्टरबाईंचेच, खाली बारीक अक्षरात त्यांचं नाव. पानावर यायची कुणाला गरजच उरली नव्हती.

डॉक्टरबाईंना त्याने हे सांगितलं, तेव्हा त्यांनी फार मनावर घेतलं नाही. “लोकांना उत्तर मिळतंय ना? मग झालं तर.”

तो मात्र सुन्न झाला. पाळणाघरवाल्या बाईने काम थांबवायला सांगितलं. कुणी बघतच नसेल तर करायचं कशाला, असं ती म्हणाली, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

त्यानंतर एके सकाळी एक निवृत्त बसचालक दवाखान्यात आला. त्याच्या हातात कुत्र्याचा नुसता पट्टा होता. जाळेवालाही तिथेच होता, पानावरच्या दवाखान्याच्या वेळा बदलून द्यायला आलेला. बसचालकाने आरडाओरडा केला नाही. फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “बाई, तुमचंच नाव आहे ना हे?”

वर लिहिलं होतं: उंदराचं औषध खाऊनही कुत्रा उड्या मारत असेल, तर काळजी नको.

“कुत्री उड्या मारत होती हो,” बसचालक म्हणाला. “चांगली खेळत होती. म्हणून मी थांबलो. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं...”

डॉक्टरबाईंनी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. त्यांनी त्याला मूळ पान दाखवलं, पुढची वाक्यं मोठ्याने वाचून दाखवली. बसचालक ऐकत राहिला. ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाला, “हे माझ्याकडे आलंच नाही.” आणि पट्टा मुठीत गुंडाळून निघून गेला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, “ते पान काढून टाका.”

“बाई, चूक आपली नाही.”

“ठाऊक आहे. पण उद्या आणखी कुणी आलं, तर त्याला काय सांगू? चूक माझी नाही म्हणून?”

त्याने तिथेच बसून पान काढलं. मग शोधून पाहिलं. उत्तर जागच्या जागी होतं. फक्त खालचं नाव गेलं होतं.

त्याने कंपनीला कळवलं. आलेल्या उत्तरात सूचनेबद्दल आभार होते. पुन्हा कळवलं, पुन्हा आभार. तिथे माणूस असा कुणी हाती लागेना. जावयानेही आपल्या परीने खटपट केली, आणि एक दिवस खाली मान घालून म्हणाला, “मला बोलायला बरं वाटत नाही. पण त्यांच्याकडे ज्यांचं पान असतं, त्यांची तक्रार लवकर बघतात म्हणे.”

डॉक्टरबाईंनी जाळेवाल्याकडे पाहिलं. त्यांना जे विचारायचं होतं, ते त्यांच्या तोंडून निघेना.

“घ्या बाई,” तोच म्हणाला. “आजच घ्या. सरका जरा, मी करून देतो.”

आणि त्याने ते करून दिलं. कंपनीच्या तयार चौकटींत दवाखान्याच्या वेळा भरल्या, पत्ता भरला, डॉक्टरबाईंचा त्यातल्या त्यात हसरा फोटो लावला. चहा गार व्हायच्या आत झालं. शेवटी दुरुस्तीची विनंती पाठवली. जावई त्याला फाटकापर्यंत सोडायला आला.

त्याने खोली सोडली. इस्त्रीवाल्याने जड कपाट उतरवायला हात दिला आणि दुसऱ्याच दिवसापासून तिथे लोकांचे धुतलेले कपडे ठेवायला लागला. पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानाचं काम तेवढं उरलं, ते घरच्या टेबलावर होण्यासारखं होतं. बायकोने दुकानात शब्द टाकला. त्यांच्या गोदामात आलेला माल कॉम्प्युटरवर चढवायला माणूस हवा होता. तो रुजू झाला.

एका दुपारी बायको गोदामात आली. तिच्या हातात फोन होता.

“बघ. बदललं त्यांनी.”

त्याने वाचलं. विषबाधेचा संशय असल्यास जनावराला तत्काळ पशुवैद्यकाकडे न्यावे, असं होतं. बरोबर होतं. डॉक्टरबाईंचं बोलणं त्यात कुठेच नव्हतं.

“निदान आता कुणाचं जनावर तरी...” बायको म्हणाली.

“हो,” तो म्हणाला. “बरं झालं.”

तिने फोन परत घेतला. मग त्याच्या पाठीवर हात ठेवून काउंटरवर परत गेली. दारात मालाची गाडी लागली होती. तो खोकी उतरवून घ्यायला उठला.