चौदा नंबरची खरेदी

मोठ्या क्लबने चुकीचा माणूस विकत घेतला, आणि तोही एवढ्या पैशांत की आकडा सांगताना बातमी देणारीचीच जीभ अडखळली. टीव्हीसमोर बसलेल्या मामांनी कपाळावर हात मारला. मामा म्हणजे लहान क्लबचे प्रशिक्षक. सगळी टीम त्यांना मामाच म्हणायची, आणि टीमचा हुकमी गोल मारणारा काडी तर त्यांचा सख्खा भाचा.

झालं होतं असं. एका सामन्यात सुरुवातीलाच काडीचा नऊ नंबरचा शर्ट टरकन फाटला. दुसरा असायला क्लबकडे कुठला! मामांनी राखीव खेळाडूच्या अंगातला चौदा नंबरचा शर्ट काढून काडीला घातला. तो घालून काडीने तीन गोल ठोकले. मोठ्या क्लबच्या दीडशहाण्यांनी लांबून काढलेला व्हिडिओ पाहिला, संगणकाला विचारलं आणि फर्मान सोडलं, चौदा नंबर आणा. एकानेही प्रत्यक्ष येऊन बघायची तसदी घेतली नाही. लहान क्लबच्या अध्यक्षांनी सौदा गुपचूप उरकला. घरी चालत आलेल्या लक्ष्मीला उलट प्रश्न कोण विचारतो? राखीव खेळाडू बिचारा भांबावून गाडीत बसला आणि गेला.

"मामा, यंदा नाही तर मला पुन्हा कुणी विचारणार नाही," काडी एवढंच म्हणाला. त्याचा गुडघा आता कुरकुरायला लागला होता. मामांना राहवेना. ते तडक मोठ्या क्लबच्या ऑफिसात जाऊन धडकले.

तिथला गालिचा असा की बूट घोट्यापर्यंत रुतावेत. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि खो खो हसले.

"अहो मामा, पहिल्याच सरावात कळलं आम्हाला. चेंडू आला की तो बाजूला होतो!"

"मग?"

"मग काय? त्याच्या नावाचे शर्ट हातोहात खपलेत. भर मैदानात आतषबाजी केली आम्ही. आता चूक कबूल करून स्वतःचं नाक कापून घेऊ?"

"नका कापू. पण माझ्या भाच्यालाही घ्या. पैसे नकोत. फुकट न्या हवं तर!" मामा काकुळतीला आले होते.

साहेबांचं हसू मावळलं. "फुकटचा माणूस गोल मारायला लागला, तर लोक विचारतील, मग त्या दुसऱ्यावर एवढे पैसे का उधळले? नको रे बाबा!"

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अक्कल विकत मिळत असती, तर तीसुद्धा तुम्ही चुकीचीच आणली असती!" असं म्हणून ते ताडताड बाहेर पडले.

काडी मैदानाच्या फाटकाशीच थांबला होता.

"काय म्हणाले?"

"गाढव आहेत लेकाचे! फुकट देतो म्हटलं तुला, तरी नको म्हणाले."

काडी त्यांच्याकडे वळला.

"त्यांचं सोडा, मामा," तो म्हणाला. "तुम्ही मला फुकट दिलंत?"