लांब धागा

मृण्मयीनं वाळलेला कागद कापडावरून अलगद सोडवला आणि गच्चीच्या कठड्याशी उन्हात धरला. सोनेरी धागे कागदभर लांबच लांब पसरले होते. तिनं तो दोन्ही हातांनी ताणून पाहिला. फाटला नाही.

"आता खरा जमलाय बघा, आई."

सासूबाई, भानुमतीबाई, नाकाला पदर लावून जिन्याच्या दारात उभ्या होत्या. पुंडलिकनगरच्या आपल्या घरात हत्तीच्या शेणाचा कागद होतो, हे त्यांनी नातेवाइकांना अजून सांगितलं नव्हतं. तरी त्यांनी बोटाच्या टोकानं कागद चाचपला.

"मऊ लागतो," एवढंच म्हणाल्या.

हत्तीण पाचोडच्या रस्त्यावरच्या एका प्राणी-आश्रमातली, सोनकळी. उभी हयात रस्तोरस्ती भीक मागण्यात गेल्यावर तिथं आणलेली. मृण्मयी तिचं शेण आणायची, धुऊन उकळायची आणि उरलेल्या चोथ्याचा कागद करायची. त्याच्या वह्या-पाकिटांची कमाई आश्रमातल्या जखमी हरणां-मोरांवर खर्च व्हायची. दुष्काळाचं हे दुसरं वर्ष. आश्रमाची विहीर आटली होती, टँकरचाही भरवसा नव्हता. अशात एका कारखान्याच्या हेमचंद्रांनी दिवाळीच्या भेटींसाठी मोठी मागणी दिली होती. त्यांना हाच कागद हवा होता, लांब धाग्यांचा.

दुसऱ्या दिवशी आश्रमात शेण भरताना तिच्या हाताला उसाचं अख्खं कांडं लागलं. चेपलेलं, पण न चावलेलं.

"फकिरादादा, हे असं कधीपासून?"

माहूत फकिरा पाठमोराच राहिला.

"वाळला कडबा हाय ना, ताई. दुष्काळात दुसरं काय घालावं?"

ती हत्तिणीकडे बघत राहिली. सोनकळी कडब्याची मूठ बराच वेळ तोंडात घोळवायची आणि तशीच खाली टाकायची. कानशिलांवर खोल खळगे पडले होते. मृण्मयीला मागचे सगळे कागद आठवले. दर खेपेला धागा लांब होत गेला होता, आणि दर खेपेला ती खूश होत गेली होती.

"तिच्या दाढा गेल्यात, दादा."

फकिरा वळला.

"डॉक्टरीणबाईला नका सांगू. म्हातारी झाली म्हणलं की नेतील तिला कुठं दूर. मंग मी कुणाचं करू? अन् तुमचा कागद बी लई चांगला व्हतोय म्हणं."

ती पोतं स्कूटरला बांधून निघाली. फाट्यावरच्या चहाच्या टपरीपाशी थांबली. समोरचा चहा गार झाला, साय धरली. मग तिनं आश्रमाच्या पशुवैद्य डॉक्टर तनुजांना फोन लावला.

डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात सोनकळीचं तोंड तपासलं. हत्तीला आयुष्यात सहाच वेळा दाढा येतात; या शेवटच्या होत्या, त्याही झिजलेल्या. पुन्हा येणार नव्हत्या. प्रवास सोसवणार नाही, म्हणून तिला कुठं हलवायचं नाही, असं त्यांनी लिहून दिलं. चारा मात्र बारीक चिरून, भिजवूनच द्यायचा. आता धागा आखूडच निघणार, हे मृण्मयीनं हेमचंद्रांना कळवलं.

"जुन्या सुती चिंध्या मिसळा की," हेमचंद्र फोनवर म्हणाले. "कोणाला कळतंय?"

"हत्तीचा कागद म्हणून मला तो देता येणार नाही."

"मग राहू द्या."

तिनं फोन ठेवला. पलीकडे तांदूळ निवडणाऱ्या भानुमतीबाईंचा हात थांबला.

"मग त्या हरणांच्या पाण्याचं काय गं?"

मृण्मयीनं त्यांच्यापुढचं ताट ओढून तांदूळ निवडायला घेतले.

पुढच्या आठवड्यात ती पोतं न घेताच आश्रमात गेली. फकिरा कडुनिंबाखाली ऊस चिरत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. सोनकळी घमेल्यातला भिजवलेला चारा सोंडेनं उचलून खात होती, खाली काही पडत नव्हतं. मृण्मयी त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. शेवटी फकिरानं बाजूचा दुसरा कोयता तिच्याकडं सरकवला.

ती मातीत बसली. पहिलं कांडं चिरून तिनं तुकडे घमेल्यात टाकले. फकिरानं त्यातला एक उचलला, बोटांत फिरवून पाहिला आणि परत तिच्यापुढं ठेवला.

"अजून बारीक, ताई."