परराष्ट्र खात्याचा असेल

साहेबांचा शहराबाहेरचा बंगला विश्रांतीसाठी बांधला होता, आणि तिथं विश्रांती घेताना अजून कुणीही कुणाला पाहिलं नव्हतं. राजधानीत जे बोलायची सोय नसे ते बोलायला मंडळी इथं येत. आल्या आल्या बागेचं कौतुक करत, कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवत, आणि मग मधल्या लांब खोलीत शिरून दार लावून घेत. मागचं युद्ध याच खोलीत ठरलं होतं. या वेळचंही ठरल्यातच जमा होतं. फक्त घोषणेचा मसुदा अडला होता.

साहेबांच्या पत्नीला अख्खं मंत्रिमंडळ वहिनी म्हणत असे. कुणाला साखर चालत नाही आणि कुणाला सत्य चालत नाही, हे त्यांना पाठ होतं. दार लागलं की आत जायचं नाही, हा घरातला नियम त्यांनी लग्नापासून पाळला होता.

"वहिनी, तो पोरगा कुठून मिळवलात हो?" न्याहारीला अर्थमंत्र्यांनी विचारलं. "सांगावं ते मुकाट्यानं करतो."

"कुठला पोरगा?"

"बैठकीत असतो तो. परराष्ट्र खात्याचा असेल."

"परराष्ट्रचा आणि मुकाट्यानं करतो?" कायदेमंत्री म्हणाले. "काहीतरीच काय! संरक्षणचा आहे तो. अंगात गणवेश नाही का? आता तो जुन्या पद्धतीचा आहे म्हणा, पण त्या खात्यात नवं कापड पोचलंय कधी!"

प्रत्येकाला तो दुसऱ्याच्या खात्याचा वाटत होता. सरकारात यात नवल काहीच नव्हतं; एवढ्या आधारावर कित्येकांनी निवृत्तीपर्यंत पगार घेतला होता.

"एक खोड मात्र वाईट," अर्थमंत्री म्हणाले. "रिकाम्या खुर्चीमागे उभा राहतो आणि पाठ धरून तिला झुलवत बसतो. पुढचे पाय अधांतरी. मोडेल एखाद दिवशी."

वहिनींच्या हातातली किटली तिथंच थांबली. "डावी भुवई मधेच तुटलेली आहे का त्याची?"

"आहे की! म्हणजे तुमच्या ओळखीतला दिसतोय."

"हो," वहिनी म्हणाल्या. "ओळखीतला आहे."

भुवई झोपाळ्यावरून पडून फुटली होती. खुर्ची झुलवण्यावरून तर त्या रोज ओरडत. मागच्या युद्धाच्या वेळी त्यांच्या मुलानं याच खोलीच्या दाराला कान लावून भाषणं ऐकली आणि सकाळी उठून सैन्यात नाव नोंदवून आला. परत आली ती त्याची पेटी. त्यानंतर साहेबांनी त्याचा विषय कधी काढला नव्हता; सभा सोडून.

त्या दिवशी वहिनींनी नियम मोडला. चहाचा ट्रे शिपायाच्या हातातून घेतला आणि दार ढकलून आत गेल्या. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. टेबलाच्या टोकाला एक रिकामी खुर्ची होती, तिचे पुढचे पाय नुकते जमिनीला टेकल्यासारखा आवाज झाला, एवढंच.

"आत्ता इथंच होता," अर्थमंत्री इकडेतिकडे बघत म्हणाले. "या मुलांना जरा दम म्हणून नसतो."

खुर्चीमागे फरशीवर चिखलाचे ठसे होते. बाहेर कडकडीत ऊन होतं. वहिनींनी ते पदरानं पुसले नाहीत. वळसा घालून बाहेर आल्या.

एकदा दिसावा, बाकी काही नको. पण मसुदा पुरा झाला की मंडळी राजधानीत जाणार, बंगल्याला कुलूप लागणार. म्हणजे मसुदा पुरा होऊन चालणार नव्हतं.

अडलं होतं ते पहिल्या शब्दावर. 'आम्ही' की 'आपण'?

"'आम्ही युद्धात उतरत आहोत' म्हटलं की लोकांना वाटेल आपण पाच-सहा जण निघालोय," कायदेमंत्री जेवताना समजावत होते. "'आपण' म्हटलं की सगळे आले."

"सगळे आले, आपण सोडून," अर्थमंत्री म्हणाले आणि स्वतःच हसले.

"पण काय हो," वहिनींनी वाढता वाढता विचारलं, "'आपण'मध्ये विरोधी पक्षही येतो का?"

कायदेमंत्र्यांचा घास हातात राहिला. दुपार त्यात गेली. दुसऱ्या दिवशी वहिनींनी 'आम्ही'चा खर्च कोणत्या खात्यावर पडेल असं सहज विचारलं, आणि अर्थमंत्री न हसता उठले. शांततेसाठी इतकं तर आजवर कोणत्याही परिषदेनं केलं नव्हतं. आणि वहिनींच्या मनात शांतता नव्हतीच. दाराबाहेर उभं राहून त्या आतले आवाज वेचत होत्या. साहेबांचा, कायदेमंत्र्यांचा, खोकला, कागद. पाहिजे तो आवाज येत नव्हता.

मग अर्थमंत्र्यांना सुचलं. "'युद्ध करण्यात येत आहे' असं म्हणू या की! ना आम्ही, ना आपण. कर्ताच नको."

आत टाळ्या पडल्या. तेवढ्याशा टाळ्यांनी युद्ध सुरू झालं.

गाड्या एकामागून एक निघाल्या. साहेब शेवटचे. वऱ्हांड्यात ते मसुदा बॅगेत ठेवत होते, तेव्हा वहिनी समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, तुम्ही तरी त्याला बघितलंत ना?"

"कुणाला?"

"खुर्ची झुलवत होता त्याला."

"तो होय? परराष्ट्र खात्याचा," साहेब म्हणाले. "मान वर करून बघायला सवड कुणाला होती. काल त्याला बाहेर काढलं मी. म्हटलं, चर्चा गोपनीय आहे, तुमचं इथं काम नाही."

"मग?"

"'बरं साहेब' म्हणाला आणि गेला."

वहिनी नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. साहेबांनी बॅगेचा बंद ओढला, अर्धा ओढून सोडला. कालचा तो आवाज त्यांना आता ऐकू येत असावा. चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि भाषणात मुलाचा विषय निघाला की एरवी जिथं ते थांबत, तिथं थांबावं तसे ते थांबले. फक्त पुढचं वाक्य आलं नाही.

"साहेब म्हणाला गं मला," ते म्हणाले.

"परत बोलवा त्याला. नका जाऊ आज."

"रेडिओवर वेळ दिलीय."

ते पायऱ्या उतरले. ड्रायव्हर आपल्या जागी बसला होता. मागचं दार उघडून साहेब आत बसले, आणि नेहमीसारखे मधोमध ऐसपैस न बसता पलीकडच्या खिडकीशी सरकले. बॅग उचलून मांडीवर घेतली. अलीकडचं दार उघडंच राहिलं.

"ये," साहेब आतून म्हणाले.

वहिनी एक पायरी उतरल्या. आपल्याला म्हणाले असतील, असं त्यांना क्षणभर वाटलं.

गाडी या बाजूला जराशी खाली दबली. ड्रायव्हरचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, साहेबांचे बॅगेवर. दार आतून ओढलं गेलं आणि नीट बंद झालं.

गाडी फाटकाकडे निघाली. वहिनी खिडकीच्या बरोबरीनं धावल्या, जमेल तेवढं. काचेत त्यांना झाडं दिसली, आभाळ दिसलं, स्वतःचा चेहरा दिसला. तो या बाजूला बघत असेल, या हिशेबानं त्यांनी हात हलवला.